हळदीची कॅप्सूल, लक्ष्मणफळाचा काढा आणि मेंदूतल्या गाठीचे संदेश

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ५८ वर्षांचे, घर देवगड तालुक्यात. उजव्या टेम्पोरल लोबमधली गाठ मुंबईत काढली, रिपोर्ट ग्लिओब्लास्टोमा (मेंदूची वेगाने वाढणारी कॅन्सरची गाठ), आयडीएच वाइल्ड-टाइप (म्हणजे आयडीएच जनुकात बदल नाही). सहा आठवडे रेडिएशन आणि त्यासोबत टेमोझोलोमाइड (केमोथेरपीच्या गोळ्या) झालं. आता महिन्यातून पाच दिवस घ्यायच्या त्याच गोळ्यांचा पहिला कोर्स संपवून ते गावी आहेत. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू, सुजेसाठीचं डेक्सामेथासोन हळूहळू उतरवत आणलेलं. अशात काकांनी ‘ब्रेन ट्यूमरच्या वाढीचे संदेश रोखणारे नैसर्गिक पदार्थ’ अशी यादी पाठवली: काळीमिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, शल्लकी, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा आणि कोकम. त्यातली कर्क्युमिनची कॅप्सूल तुम्ही सुरूही केलीत, बाकीचं द्यावं का असं विचारताय. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, लिहिलंय की बाबा आठवडाभर चालताना झोकांड्या खातात, जीभ जड झालीये आणि दिवसभर झोपून असतात.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. कर्क्युमिन-मिरीची कॅप्सूल आजच थांबवा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून ही लक्षणं आणि कॅप्सूलचं नाव सांगा. आणि उद्या सकाळची फेनिटॉइनची गोळी देण्याआधी रक्त देऊन ‘फेनिटॉइन लेव्हल’ आणि ‘अल्ब्युमिन’ (रक्तातलं एक प्रथिन) करून घ्या. जवळच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नसली तर ते नमुना पुढे पाठवतात. अल्ब्युमिन एवढ्यासाठी की आजारात ते उतरलेलं असतं, आणि मग फेनिटॉइनचा आकडा कागदावर ठीक दिसला तरी प्रत्यक्षात मेंदूवर काम करणारं औषध जास्त असू शकतं. फेनिटॉइन मात्र मनाने बंद करू नका, एकदम थांबवलं तर फिट येण्याचा धोका आहे. डोस डॉक्टर ठरवतील. तोल जाणं, जड जीभ, डोळ्यांची बुबुळं बाजूला बघताना थरथरणं आणि गुंगी, हे चित्र फेनिटॉइन वाढल्याचं असू शकतं. गाठीभोवतीच्या सुजेचंही असू शकतं. त्यामुळे डोकेदुखी, उलट्या, हातापायाची नवी कमजोरी, किंवा हाक मारूनही नीट जागे न होणं, यातलं काहीही दिसलं तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, थेट सीटी स्कॅन होईल अशा हॉस्पिटलात न्या.

आता मूळ प्रश्न. मी मेंदूच्या गाठींवर औषधोपचार करणारा डॉक्टर, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले रुग्ण माझ्याकडे बरेच. अशी यादी न आणणारं घर विरळाच, तेव्हा काकांवर रागावू नका. त्यांच्या यादीतली बहुतेक नावं कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत खरोखरच वाढीचे संदेश रोखताना दिसलेली आहेत. अडचण पुढे आहे. काचेच्या बशीतल्या पेशींवर हे पदार्थ गाठीचे संदेश अडवतात, पण माणसाच्या पोटात गेल्यावर त्यांच्यामुळे जास्त खात्रीने जे अडतं ते म्हणजे औषधांचा निचरा करणारी लिव्हरची एन्झाइम्स. गाठीपर्यंत पोचतं ते नावापुरतं.

संदेशांचं प्रकरण काय आहे ते आधी बघू. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर वाढीचा निरोप घेणारी प्रथिनं असतात. ग्लिओब्लास्टोमात त्यांतलं सगळ्यांत बदनाम ईजीएफआर, निम्म्याहून जास्त गाठींत त्याच्या जनुकात बिघाड असतो. तिथून निरोप पीआय३के, मग एकेटी, मग एमटॉर असा आत सरकतो आणि पेशी विभागायला लागते. पीटेन नावाचं प्रथिन हा मार्ग आवरून धरतं, आणि पुष्कळ गाठींत नेमकं तेच गेलेलं असतं. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने २००८ साली ग्लिओब्लास्टोमाच्या गाठींची जनुकं तपासून जे मांडलं त्यात ८८ टक्के गाठींमध्ये याच जाळ्यात कुठे ना कुठे बदल होते. म्हणजे काकांची यादी ज्या कल्पनेवर उभी आहे ती कल्पना वेडगळ नाही. जगभरच्या कंपन्यांनी आणि हॉस्पिटलांनी तिच्यावर वीस-पंचवीस वर्षं घालवली आहेत.

आणि हाती काय आलं? ईजीएफआर अडवणारी एर्लोटिनिब आणि जेफिटिनिब ही औषधं फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये चांगली चालतात. ग्लिओब्लास्टोमात ती चालली नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर औषधाला आत शिरू देत नाही, हे एक कारण. फुप्फुसात ईजीएफआरच्या आतल्या भागात बिघाड असतो, ग्लिओब्लास्टोमात तो बहुधा बाहेरच्या भागात असतो, हे दुसरं. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: एकाच गाठीत एक पेशी ईजीएफआरवर जगत असते तर तिच्या शेजारची पीडीजीएफआर या निरोप घेणाऱ्या दुसऱ्या प्रथिनावर. लावणीच्या दिवसांत कुणग्याचा बांध एका ठिकाणी फुटला आणि तुम्ही तो बुजवलात, तरी वरून पाण्याचा लोट तेवढाच असेल तर ते दुसरीकडून वाट काढतं. हेही तसंच.

‘नैसर्गिक’ या शब्दाची मला अ‍ॅलर्जी आहे असं समजू नका. मेंदूच्या गाठीत वाढीचा संदेश अडवणारा सगळ्यांत यशस्वी नैसर्गिक पदार्थ काकांच्या यादीत नाहीच. १९६४ साली कॅनडाच्या एका मोहिमेने प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने त्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन वेगळं केलं. पुढे कंपनीने ते काम गुंडाळलं तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवला, असा किस्सा आहे. एमटॉर हे प्रथिन सापडलं तेही रॅपामायसिन कशाला चिकटतं याचा शोध घेताना. त्यात थोडा रासायनिक बदल करून एव्हरोलिमस झालं.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजारात मुलांना मेंदूच्या पोकळीत सेगा नावाची गाठ होते. टीएससी१ किंवा टीएससी२ हे जनुक बिघडलं की एमटॉर मोकाट सुटतो, आणि त्या गाठीचा सगळा खेळ बव्हंशी त्या एका गोष्टीवर चालतो. २०१० साली अमेरिकेत एव्हरोलिमसला सेगासाठी मान्यता मिळाली. २०१३ साली आलेल्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्या ३५ टक्के रुग्णांत गाठी निम्म्या किंवा त्याहून लहान झाल्या. नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत असं एकाचंही झालं नाही. मेंदूच्या गाठींच्या औषधांत असे आकडे क्वचित बघायला मिळतात.

मग हेच एव्हरोलिमस ग्लिओब्लास्टोमात रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडला जोडून दिलं. २०१८ साली त्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले. एव्हरोलिमस जोडलेल्यांचं मध्यम आयुर्मान १६.५ महिने, न जोडलेल्यांचं २१.२ महिने. फायदा राहिला बाजूला, औषध घेणारे लवकर गेले आणि त्यांना त्रासही जास्त झाला. शुद्ध औषध, मोजून दिलेला डोस, नेमकं लक्ष्य, आणि तरी हे. कोणी ‘अमुक पानाने एमटॉर बंद होतो’ म्हणालं की मला आधी ही चाचणी आठवते. एमटॉर बंद करणं म्हणजे गाठ बंद करणं, हे गृहीतच ग्लिओब्लास्टोमात टिकलेलं नाही.

कर्क्युमिनकडे येऊ, कारण ते तुमच्या घरात आहे. प्रयोगशाळेत ग्लिओमाच्या पेशींवर ते परिणाम करतं ते साधारण १० ते ५० मायक्रोमोलच्या (दर लिटरमागचं प्रमाण मोजायचं एकक) आसपास. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन आतड्यात आणि लिव्हरमध्ये झपाट्याने बदलून बाहेर टाकलं जातं. तैवानमधल्या एका जुन्या अभ्यासात रोज ८ ग्रॅम, म्हणजे मूठभर कॅप्सूल, घेणाऱ्यांच्याही रक्तात ते सरासरी दोन मायक्रोमोलच्या खालीच राहिलं. मेंदूतल्या गाठीत किती पोचतं हे जर्मनीतल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजलं आहे. २०१६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांना ऑपरेशनआधी चार दिवस, पाण्यात सहज मिसळणारं खास बनवलेलं कर्क्युमिन ७० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं, आणि काढलेल्या गाठीचा तुकडा तपासला. दर मिलिग्रॅम गाठीत सरासरी ५६ पिकोग्रॅम सापडलं. हिशेब केला तर हे साधारण ०.१५ मायक्रोमोल होतं. बशीतल्या पेशी मारायला लागतं त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. आणि हे खास बनावटीचं, साधं नव्हे. स्वयंपाकघरातल्या हळदीत तर कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के.

आणखी एक गोष्ट कॅप्सूलच्या डबीवर कोणी छापत नाही. कर्क्युमिन हा प्रयोगशाळेत फसवणारा पदार्थ आहे. तो स्वतः चमकतो, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, द्रावणात लवकर विघटित होतो. त्यामुळे ‘हेही अडवलं, तेही अडवलं’ असे निकाल त्याच्या नावावर भराभर जमा होतात. २०१७ साली औषधरसायनाच्या काही अभ्यासकांनी हे सविस्तर मांडलं, तेव्हा कर्क्युमिनवर काम करणाऱ्या मंडळींत बरीच खळबळ झाली होती.

आता मिरी. कर्क्युमिन टिकत नाही म्हणून त्यात पिपरिन, म्हणजे मिरीतला तिखट पदार्थ, घालतात. याचं मूळ बंगळुरूच्या १९९८ सालच्या एका अभ्यासात आहे: २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर शरीराला मिळणारं कर्क्युमिन वीसपट झालं. डबीवर ‘२००० टक्के अधिक शोषण’ लिहितात ते इथून आलं. पण हे घडतं कसं? पिपरिन आतड्यातली आणि लिव्हरमधली निचरा करणारी यंत्रणा मंदावतं म्हणून. त्या यंत्रणेवर बाबांची औषधंही अवलंबून आहेत. फेनिटॉइन घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांवर भारतातच झालेल्या अभ्यासात पिपरिनच्या एका २० मिलिग्रॅम डोसनेही रक्तातलं फेनिटॉइन वाढलेलं दिसलं.

फेनिटॉइन हे औषध फार कोत्या मनाचं आहे. रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकंच त्याला मानवतं, आणि लिव्हरची क्षमता एकदा भरली की मग थोडासा फरकही पातळी एकदम उसळवतो. त्यामुळे एखादा माणूस महिनोन्महिने ठीक असतो आणि एका छोट्या बदलाने आठवडाभरात झोकांड्या खायला लागतो. तरी सगळा दोष कॅप्सूलच्या माथी आधीच मारू नका. रेडिएशनच्या काळात न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात, तेही फेनिटॉइन वाढवतं. डेक्सामेथासोनचा डोस बदलला तरी पातळी हलते. आणि बरेच दिवस डेक्सामेथासोन घेतल्यावर मांड्यांचे स्नायू ढिले पडतात, माणसाला पाटावरून उठता येत नाही, तो अशक्तपणा पुन्हा वेगळा. म्हणूनच रक्त तपासायला सांगतोय. पुढच्या भेटीत फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासिटाम चालेल का, हे नक्की विचारा. ते लिव्हरवर फारसं अवलंबून नसतं, किडनीवाटे जातं. काहींना त्याने चिडचिड होते, पण अशी ओढाताण होत नाही.

टेमोझोलोमाइडचं मात्र वेगळं. ते लिव्हरच्या एन्झाइम्सची वाट न बघता शरीरात आपोआप विघटित होऊन काम करतं, त्यामुळे पिपरिनने ते वाढेल ही भीती नाही. त्याची अडचण दुसरी. त्याने क्वचित लिव्हरला इजा होते, म्हणून लिव्हरच्या तपासण्या लागतात. आणि पिपरिन घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, गुळवेल, या सगळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीच्या तर कोव्हिडच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आकडे वाढले की कारण कोणतं हे कळायला मार्ग राहत नाही आणि बंद होतं ते टेमोझोलोमाइड. ते बंद होणं परवडणारं नाही. २००५ साली आलेल्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी १०.४ टक्के रुग्ण हयात होते, टेमोझोलोमाइड जोडल्यावर २६.५ टक्के. आकडा मोठा नाही, मला मान्य आहे, पण काकांच्या यादीतल्या एकाही पदार्थाने याच्या जवळपासचं काही माणसांत दाखवलेलं नाही.

ग्रीन टीचा कप प्यायला हरकत नाही, अर्काच्या कॅप्सूल नकोत. त्यातल्या ईजीसीजी या मुख्य घटकाचा एक किस्सा ऐकण्यासारखा आहे. २००९ साली बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाला ग्रीन टीची साथ मिळेल का हे बघायला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. झालं उलटं. ईजीसीजी त्या औषधालाच जाऊन चिकटलं आणि पेशींवर आणि उंदरांत त्याचा असर पुसून टाकला. ‘फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?’ असं मला रोज कोणीतरी विचारतं. या प्रयोगाने दाखवलेला तोटा हा असा असतो.

लक्ष्मणफळाचा काढा अजिबात नको. यादीतल्या या गोष्टीला मी सरळ नाही म्हणतो. हल्ली आपल्याकडे परसात त्याचं झाड हौसेने लावतात आणि पानांची पावडरही विकत मिळते. त्यात अ‍ॅनोनासिन नावाचा पदार्थ असतो. तो पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेचा पहिलाच टप्पा अडवतो, म्हणून बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात. पण मेंदूच्या निरोगी पेशींनाही ती ऊर्जा हवीच असते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर ही फळं आणि पानांचे काढे नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आजार जास्त आढळल्याचं १९९९ साली पुढे आलं. नंतर उंदरांना अ‍ॅनोनासिन दिलं तेव्हा मेंदूच्या त्याच भागांत इजा दिसली. माणसांत कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध झालाय असं नाही, पण ज्याच्या मेंदूवर आधीच ऑपरेशन आणि रेडिएशन झालंय त्याला रोज हा काढा देणं मला पटत नाही. पिकलेल्या फळाची एखादी फोड कधी खाल्ली असेल तर घाबरू नका.

शल्लकीची गोष्ट निराळी, आणि खरं तर या यादीत तिला थोडा मान आहे. ही सालई झाडाच्या डिंकातून येते, गुग्गुळ वेगळा. जर्मनीतच २०११ साली मेंदूवर रेडिएशन घेणाऱ्या ४४ रुग्णांवर चाचणी झाली: अर्ध्यांना रोज ४२०० मिलिग्रॅम शल्लकीचा अर्क, अर्ध्यांना खोटी गोळी. मेंदूची सूज तीन चतुर्थांशाहून जास्त उतरलेले रुग्ण शल्लकीच्या गटात ६० टक्के होते आणि दुसऱ्या गटात २६ टक्के. चाचणी लहान आहे, गाठी वेगवेगळ्या प्रकारच्या होत्या, पण माणसांवरची आहे आणि नीट केलेली आहे. लक्षात घ्या, यात सूज उतरली. वाढीचा संदेश अडवला किंवा आयुष्य वाढलं असं त्यातून निघत नाही. आणि दुकानातल्या रोजच्या एक-दोन गोळ्यांत तो डोसही येत नाही. डेक्सामेथासोन कमी करताना सूज पुन्हा डोकं वर काढत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर मी हिला विरोध करणार नाही. तिच्या भरवशावर डेक्सामेथासोन परस्पर बंद करणं मात्र घातक.

राहिलं कोकम. इथे माझा जीव जरा गुंततो. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असतं, वाळलेल्या सालीत दोन-तीन टक्के. पेशीतली जनुकं उघडी ठेवणाऱ्या पी३०० या एन्झाइमला ते अडवतं, हे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं. रसायन म्हणून ते फार देखणं आहे. पण माणसांतल्या मेंदूच्या गाठींवर त्याची चाचणी झालेली नाही, आणि ते पाण्यात विरघळतही नाही. तुमच्या आगळात आणि सरबतात येतो तो मुख्यतः आंबटपणा आणि रंग. सोलकढीत नारळाच्या रसाचा स्निग्धांश असतो, त्यात थोडंफार उतरत असेल, त्याने गाठीचं काही बिघडत नाही. तरीही सोलकढी द्या. गोळ्यांच्या दिवसांत मळमळतं, तोंडाची चव जाते, मासळीचा वास नको होतो, तेव्हा अनेकांना वाटीभर सोलकढीबरोबर चार घास भात जातो. आगळात मीठ भरपूर असतं, त्यामुळे डेक्सामेथासोन चालू असताना आणि बीपी असेल तर ते बेताने. पित्त होत असेल तर रिकाम्या पोटी नको. आमटीतली हळद, माशाला लावलेली हळद, सारातली मिरी, हे सगळं नेहमीसारखं चालू द्या. स्वयंपाकातल्या प्रमाणाला मी कधीच आडवा येत नाही.

आता काकांचा पुढचा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत तरी मला माहीत आहे: ‘अमक्याची गाठ काढ्याने विरघळली, एमआरआय दाखवतो.’ हे खोटंच असतं असं नाही. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. तो उपचाराचाच परिणाम असतो, तिथली ऊती सुजलेली असते. आम्ही याला खोटी वाढ म्हणतो आणि बहुधा उपचार न बदलता पुन्हा एमआरआय करतो. एमजीएमटी हे जनुक मिथायलेटेड (रासायनिक खुणेने बंद) असलेल्या रुग्णांत, म्हणजे ज्यांना टेमोझोलोमाइडचा जास्त फायदा होतो त्यांच्यातच, ही खोटी वाढ अधिक दिसते. आता घरच्यांच्या बाजूने बघा. एमआरआय वाईट आला, डॉक्टर म्हणाले थांबू या, घाबरून कोणाकडून तरी काढा आणला, दोन महिन्यांनी एमआरआय सुधारला. श्रेय काढ्याला जाणारच. तुमच्या बाबांचाही पहिला एमआरआय असा येऊ शकतो, तेव्हा तो हातात पडला की त्याच दिवशी नवीन काही सुरू करू नका.

झाडापासून औषध होत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळालं, ते ऑलिगोडेंड्रोग्लिओमासारख्या मेंदूच्या गाठींत दोन औषधांच्या जोडीने वापरतात. आंबोलीच्या बाजूला सह्याद्रीत नरक्या हे झाड आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. तो पदार्थ आधी १९६६ साली एका चिनी झाडात सापडला, आणि तो शोधणाऱ्या जोडीतले एक मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. त्यापासून बनलेलं इरिनोटेकान परतलेल्या ग्लिओब्लास्टोमात कधीकधी देतात. पण मूळ कॅम्प्टोथेसिन जेव्हा पहिल्यांदा रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि जुलाबांनी माणसं हैराण झाली, त्यामुळे ते बाजूला ठेवावं लागलं. रेणूत बदल करून, डोस बसवून, ते माणसाला सोसेल असं व्हायला पुढे वीस-तीस वर्षं गेली. सदाफुलीची पानं चावून किंवा नरक्याची साल उकळून यातलं काही साधत नाही. तसे प्रयत्न करणारे मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो.

पुढच्या भेटीला मुंबईला जाल तेव्हा फाइलमध्ये एका कागदावर घरात चालू असलेली प्रत्येक गोष्ट लिहून न्या: गोळी, काढा, चूर्ण, डबीचा फोटो. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका. आणि संदेश अडवण्याविषयीच विचारायचं असेल तर हे विचारा: गाठीची एमजीएमटी तपासणी झालीये का, बीआरएएफ हे जनुक बघितलंय का. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल प्रौढांच्या ग्लिओब्लास्टोमात फार थोड्यांत सापडतो, पण सापडला तर त्यावर खरोखर काम करणाऱ्या गोळ्या आहेत. आयडीएच अडवणाऱ्या व्होरासिडेनिबबद्दल कुठे वाचलं असेल, २०२४ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आयडीएच बदल असलेल्या कमी दर्जाच्या गाठींसाठी आहे, बाबांच्या गाठीत तो बदल नाही, त्यामुळे त्यामागे पैसा आणि धावपळ घालवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पाऊस सुरू झालाय म्हणून लिहितो. टेमोझोलोमाइडच्या पाच दिवसांनंतर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्यात डेक्सामेथासोन. बाबांना बरं वाटायला लागलं की ते लावणीला उतरायचं म्हणतील. चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. भातशेतीत काम करणाऱ्यांना प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात. फेनिटॉइन चालू असलेल्या माणसाच्या शरीरातून ती गोळी जवळपास निम्म्या वेळात निघून जाते, त्यामुळे तिच्या भरवशावर त्यांना शेतात सोडू नका. या महिन्यांत १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की यांना टेमोझोलोमाइड चालू आहे.